वैद्याची पारख : मेहरूणच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

गावातील एखादा डॉक्टर ‘चांगला’ आहे असे लोक म्हणतात, तेव्हा त्या एका विशेषणात अनेक निरनिराळे अर्थ एकवटलेले असतात. त्याच्या औषधाने लवकर उतार पडतो, तो रात्री-अपरात्री येतो, पैशासाठी अडवून धरीत नाही, त्याचे बोलणे धीराचे असते, त्याच्याजवळ मोठी पदवी आहे, किंवा त्याच्या हातून आजवर कोणी दगावल्याचे ऐकिवात नाही, यांपैकी कोणताही अर्थ त्या शब्दात असू शकतो. हे सर्व गुण एकाच व्यक्तीच्या ठिकाणी असतीलच असे नाही. शिवाय यांतील बहुतेक गुणांचा उपचाराच्या शास्त्रीय योग्यतेशी वा सुरक्षिततेशी थेट संबंध नाही. मग एखाद्या स्थानिक वैद्यकव्यवसायाची खरी गुणवत्ता समाजाने आजवर कशी जोखली, आणि ती जोखण्याची साधने कोणती होती, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच सामाजिक इतिहासाचाही ठरतो.

हा विचार मांडण्यासाठी जळगावलगतचे मेहरूण डोळ्यांपुढे ठेवले आहे. तलावासाठी आणि बोरांसाठी ख्यात असलेले हे गाव जळगाव शहर वाढत गेले तसतसे त्याच्या पोटात आले. आधी खेडे, मग उपनगर आणि शेवटी महानगरपालिकेचा भाग असा त्याचा प्रवास आहे. त्यामुळे गावचा वैद्य, सरकारी लस टोचणारा, पदवीधारक खाजगी डॉक्टर आणि खाटांचे खाजगी रुग्णालय या व्यवसायाच्या चारही अवस्थांचा विचार अशा एका स्थळाच्या संदर्भात करता येतो. मेहरूणमधील कोणा विशिष्ट व्यावसायिकाचे मूल्यमापन करणे हा मात्र येथील हेतू नाही. असे मूल्यमापन कोणत्या पुराव्यावर करता येईल आणि तो पुरावा इतिहासाने आपल्यासाठी का राखून ठेवला नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२. हातगुण आणि राजाज्ञा

वैद्य पारखून घ्यावा ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : वैद्याचे नुसते सोंग घेणारे, नामांकितांच्या आश्रयाने वैद्य म्हणून मिरवणारे आणि वैद्याच्या गुणांनी खरोखर युक्त असलेले. यांतील दुसरा वर्ग विशेष लक्षणीय आहे. या वर्गातील मनुष्य उघड लबाड नसतो; त्याची प्रतिष्ठा उसनी असते. कीर्ती आणि योग्यता यांत अंतर पडू शकते, हे त्या काळीही ओळखले गेले होते असा याचा अर्थ होतो. सुश्रुतसंहिता तर शिक्षण पूर्ण केलेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात प्रवेश करावा असे सांगते.

दंडाची कल्पनाही तितकीच जुनी आहे. जिवाला धोका असलेला उपचार अधिकाऱ्यांना न कळविता करणाऱ्या वैद्याचा रोगी दगावल्यास त्याला पहिल्या प्रतीचा दंड, आणि उपचारातील चुकीमुळे दगावल्यास मध्यम प्रतीचा दंड, असा भेद कौटिलीय अर्थशास्त्रात केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत चुकीचा उपचार पशूवर झाला, सामान्य मनुष्यावर झाला की राजपुरुषावर झाला, यावर दंडाची प्रत ठरते. रोग्याच्या सामाजिक स्थानावरून वैद्याच्या चुकीचे मोल ठरविण्याची ही दृष्टी आज अमान्य आहे. तथापि अनुज्ञा आणि दंड, म्हणजे प्रवेशापूर्वीची परीक्षा आणि अनर्थानंतरची शिक्षा, ही दोन टोके तेव्हाच निश्चित झाली होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. या दोन टोकांमधील दैनंदिन व्यवसायाची पारख मात्र लोकांच्या बोलण्यावर सोपविलेली होती. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ हा मराठी वाक्प्रचार त्याच पारखीचा वारसा होय.

हातगुणाला सर्वस्वी निराधार म्हणणे योग्य होणार नाही. लहान गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच वैद्यघराणे असेल, तर त्याचे यशापयश शेकडो घरांच्या स्मृतीत साठत जाते. पण या स्मृतीत एक मोठी उणीव असते. बहुतेक साधे आजार औषधावाचूनही बरे होतात आणि त्याचे श्रेय शेवटचे औषध देणाऱ्यास मिळते. उलट, दगावलेल्या रोग्याच्या बाबतीत ‘आयुष्याची दोरी तुटली’ असे म्हणून हिशेब मिटविला जातो. तात्पर्य, हातगुणाच्या वहीत जमेची बाजू भरलेली आणि खर्चाची बाजू कोरी राहते.

३. देवी डॉक्टरची वही

ब्रिटिश अमदानीत खानदेशात ज्या व्यवसायाचे पहिल्यांदा पद्धतशीर मोजमाप झाले, तो नामांकित वैद्याचा वा पदवीधारक शल्यविशारदाचा नव्हता. तो होता देवी टोचणाऱ्याचा. लोक त्याला ‘देवी डॉक्टर’ म्हणत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्ये आरोग्यावर स्वतंत्र प्रकरण असून रोग, दवाखाने आणि लसीकरण यांची माहिती त्यात संकलित केलेली आहे. तत्पूर्वी तीनच वर्षे, म्हणजे १८७७ मध्ये, मुंबई इलाख्यात लसीकरणाचा कायदा झाला होता.

देवी डॉक्टरच्या कामाचे वैशिष्ट्य असे की, टोचल्याने त्याचे काम संपत नसे. काही दिवसांनी दंड पुन्हा पाहून लस ‘लागली’ की नाही याची नोंद करावी लागे. किती मुलांना टोचले, त्यांपैकी किती जणांना लागली, ही संख्या वर जात असे, आणि तिची पडताळणी करणारे निरीक्षक नेमलेले असत. सामाजिक दर्जाने आणि वेतनाने वैद्यकाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या या नोकराच्या कामाचा हिशेब अशा रीतीने संख्येत ठेवला जाई. त्याच काळात जळगावच्या बाजारपेठेत स्वतंत्र व्यवसाय थाटणाऱ्या डॉक्टरला मात्र आपल्या रोग्यांचे पुढे काय झाले हे कोणास सांगण्याचे बंधन नव्हते.

या विरोधाचे कारण उघड आहे. देवीची साथ हा सरकारच्या दृष्टीने महसुलाचा, सैन्याचा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न होता. एकट्यादुकट्याचा हिवताप वा हगवण हा तसा प्रश्न नव्हता. ज्या व्यवहारात राज्यसंस्थेचे स्वतःचे प्रयोजन गुंतलेले असेल, तेथेच तिने व्यवसायाची नोंद सक्तीची केली. इतरत्र व्यावसायिकाच्या पदवीवर विश्वास टाकला. हे सूत्र पुढील शतकभराच्या इतिहासातही वारंवार प्रत्ययास येते.

४. नामावलीतील नाव

पदवीवरील विश्वासाला कायद्याचे रूप १९१२ साली मिळाले. त्या वर्षीच्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची अधिकृत नामावली तयार करण्याची व्यवस्था केली. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झाले होते; पुण्यातील बै. जी. वैद्यक विद्यालय १८७८ पासून चालू होते. आणि मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स ॲण्ड सर्जन्स याच १९१२ सालचे. पूर्व खानदेशसारख्या जिल्ह्यांत पुढे जो ‘एल.सी.पी.एस.’ डॉक्टर सर्वपरिचित झाला, तो या शेवटच्या संस्थेच्या परीक्षांतून आलेला होय.

या नामावलीने एक महत्त्वाचे काम केले. तिने शिकलेला आणि न शिकलेला यांत कायदेशीर रेषा ओढली. परंतु नामावलीत नसलेल्याने औषध देऊच नये असे काही त्या कायद्याने ठरविले नाही. देशी वैद्यकाचा प्रश्नही तसाच राहिला. त्यासाठी १९३८ साली वैद्य व हकीम यांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात आधीपासून व्यवसाय करीत असलेल्यांनाही स्थान देण्यात आले. महाराष्ट्र राज्यनिर्मितीनंतर १९६१ चा महाराष्ट्र वैद्यव्यवसायी अधिनियम आणि १९६५ चा महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम यांनी ही चौकट पक्की केली. १९६१ च्या अधिनियमाचे कलम ३३ नोंदणीवाचून व्यवसाय करणे हा गुन्हा ठरविते.

नाव आणि व्यवसाय यांतील अंतर किती घातक ठरू शकते, याचे दोन निवाडे पाहण्याजोगे आहेत. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या जग्गनखान विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यातील आरोपी नोंदणीकृत होमिओपॅथ होता. नारूने पीडित असलेल्या एका स्त्रीला त्याने स्ट्रॅमोनियमचे २४ थेंब आणि धोतऱ्याचे पान दिले व ती दगावली. नारू हा पायविहिरींच्या पाण्यातून पसरणारा रोग पश्चिम भारतातील खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता, आणि त्यावर असे घरगुती व अर्धघरगुती उपाय सर्रास चालत. विषारी औषधाचे परिणाम न अभ्यासता ते देणे हाच अविचार व हयगय होय, असे न्यायालयाने ठरविले. दुसरा निवाडा मुंबईतील. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या एका व्यावसायिकाने तापाच्या रोग्यावर ॲलोपॅथीचे उपचार केले व रोगी दगावला. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्या शास्त्राचे ज्ञान नाही त्यात व्यवसाय करणे ही स्वयंसिद्ध हयगय आहे, असा निर्णय दिला. दोन्ही प्रकरणांत नामावलीत नाव होते. तथापि, ते नाव रोग्याचे रक्षण करू शकले नाही.

५. १९५३ चा मे महिना

नोंदणीचा कायदा जेथे थांबतो तेथून न्यायालयाचे काम सुरू होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण म्हणजे डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले हे होय. त्यातील घटनाक्रम तपशिलाने पाहिला पाहिजे. कारण त्यात एक नव्हे, दोन वैद्यकव्यवसाय आपल्यापुढे येतात.

६ मे १९५३ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. रात्री साडेआठ-पावणेनऊच्या सुमारास स्थानिक डॉक्टर आले. त्यांनी पायाला लाकडी फळ्या बांधून तो स्थिर केला. याखेरीज काहीही केले नाही. दुसऱ्या दिवशी रोग्याची प्रकृती बरी दिसत असूनही त्याला पुण्यास हलविण्याचा सल्ला त्यांनी दिला. ८ तारखेस योग्य प्रकारच्या धातूच्या पट्ट्या मिळवून त्यांनी त्या फळ्यांच्या जागी बसविल्या, आणि मध्यरात्रीनंतर निघालेल्या मोटारीतून सुमारे २०० मैलांचा प्रवास त्यांनी रोग्यासोबत केला. ९ तारखेस सकाळी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यास पोहोचली. तरुणाचे वडील स्वतः डॉक्टर होते व दौंड येथे व्यवसाय करीत; तेही पुण्यास आले.

दुपारी सव्वादोनला रोग्याला एका अस्थिशल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने देण्याची सूचना होती; प्रत्यक्षात एकच दिले गेले. क्ष-किरण चित्रे काढल्यावर शस्त्रक्रियागृहात तासाहून थोडा अधिक काळ उपचार होऊन पाय प्लास्टरमध्ये बसविण्यात आला. साडेपाचला रोगी खोलीत आला. सातपर्यंत गुंगी उतरेल या आश्वासनावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईला मुलाचा श्वास अडखळत असल्याचे दिसले. रात्री नऊला तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर रक्तवाहिनीत चरबीचा कण अडकल्याचे कारण लिहिण्यात आले. न्यायालयांनी ते मान्य केले नाही. पुरेशी भूल न देता अतिरिक्त जोर लावून हाड ओढल्यामुळे रोग्यास धक्का बसून मृत्यू आला, असा निष्कर्ष निघाला. मूळ न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई देवविली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २ मे १९६८ रोजी, घटनेनंतर पंधरा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले.

या निवाड्यात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितलेली आहेत : रोग्याला उपचारासाठी स्वीकारावे की नाही हे ठरविताना काळजी घेणे, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना काळजी घेणे, आणि तो उपचार देताना काळजी घेणे. विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी या त्रयीचा ऊहापोह पुष्कळ केला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिचा उपयोग वेगळ्या दिशेने करावा असे सुचवावेसे वाटते. पालशेतच्या त्या डॉक्टरवर खटला नव्हता. निवाड्यात त्याचे काम केवळ पार्श्वभूमी म्हणून येते. तरीही वरील तीनही कसोट्या लावून पाहिल्या तर स्थानिक व्यवसायाच्या सुरक्षिततेचा आदर्श त्याच्याच वर्तनात दिसतो. आपल्या आवाक्याबाहेरचे काम ओळखणे, तोवर हानी होणार नाही इतकेच करणे, वेळीच पुढे पाठविणे आणि वाटेत रोग्याला एकटे न सोडणे, यांहून अधिक काही गावच्या डॉक्टरकडून मागता येत नाही, आणि याहून कमीही मागू नये.

येथेच एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. या उत्तम कामाची नोंद आपल्याला मिळाली ती दुसऱ्या ठिकाणी अनर्थ घडला म्हणून. रोगी बरा होऊन घरी गेला असता, तर त्या लाकडी फळ्यांची हकीकत पालशेतबाहेर कोणालाही कळली नसती. न्यायालय हे व्यवसायाची पारख करणारे यंत्र नाही. ते अनर्थाची चौकशी करणारे यंत्र आहे. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला व १९९५ साली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे दाद मागण्याची वाट सुकर झाली, परंतु हे मूलभूत स्वरूप बदलले नाही.

६. नोंद कोठे सक्तीची झाली

दैनंदिन व्यवसायापर्यंत पोहोचण्याचे काही प्रयत्न झाले, नाही असे नाही. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने खाजगी रुग्णालयांची जागा, कर्मचारी व सोयी पाहण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. २०२१ साली त्याखालील नियमांत रुग्णहक्कांच्या सनदेचा अंतर्भाव झाला. पण ज्या दवाखान्यात खाट नाही, तो या कायद्याच्या बाहेरच राहतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनी रुग्णनोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्यात असे बंधन घातले; तेथेही तीन वर्षांची अट आंतररुग्णांच्या नोंदींपुरती आहे. पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना व्याख्याने व परिषदांना हजर राहून मिळविलेले गुणांक दाखवावे लागतात. परंतु हजेरीवरून डॉक्टरने काय ऐकले ते कळते. त्याने काय केले ते कळत नाही.

बाह्यरुग्णाच्या एकेक तपासणीची नोंद जेथे खरोखर सक्तीची झाली, असे एक ठळक क्षेत्र म्हणजे सोनोग्राफी, आणि जळगाव जिल्ह्याला त्याचे स्मरण करून द्यावे लागत नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८४२ वर आली, त्या वेळी राज्याचे प्रमाण ८९४ होते. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, व केंद्राचा १९९४ साली झाला. केंद्रीय कायद्याने गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा विहित नमुना भरणे आवश्यक केले. नोंदीतील उणीव हाच कायद्याचा भंग समजण्यात येतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार तपासणी करणाऱ्यावर असतो.

या उदाहरणात दोन धडे आहेत. पहिला असा की, ज्या व्यवसायात डॉक्टर आणि त्याच्याकडे येणारे कुटुंब दोघेही संतुष्ट असतात, तेथे लोकप्रियतेची कसोटी पूर्णपणे निकामी ठरते. हातगुणाच्या मोजमापाने अशा डॉक्टरला ‘चांगला’ हेच विशेषण मिळाले असते. ज्यांची हानी झाली त्या साक्ष द्यायला जन्मालाच आल्या नाहीत. ती साक्ष जनगणनेने दिली. दुसरा धडा असा की, देवी डॉक्टरच्या वहीनंतर जवळजवळ शतकाने राज्यसंस्था पुन्हा नोंदीच्या सक्तीकडे वळली ती समाजाच्या समूळ हानीचा प्रश्न उभा राहिला तेव्हाच. साधा ताप, साधे बाळंतपण, साधी सुई यांसाठी ती वळली नाही.

७. मेहरूणसाठी संशोधनाची दिशा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेहरूणसारख्या ठिकाणच्या जुन्या दवाखान्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रथम पुराव्याची अडचण येईल. विसाव्या शतकाच्या मध्यास खाजगी डॉक्टर बहुधा स्वतःच औषध देत असे. कंपाउंडर मिश्रण तयार करी, बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी, आणि रोगी बाटली घेऊन घरी जाई. लेखी औषधयोजना दवाखान्याबाहेर पडतच नसे. बाटलीत काय होते हे रोग्याला माहीत नसे, आणि पुढच्या डॉक्टरलाही कळत नसे. हजारो उपचार अशा रीतीने कागदावर न उतरता होऊन गेले.

तरी काही साधने हाताशी आहेत. जन्ममृत्यूची नोंदवही, तीत मृत्यूचे कारण कोणाच्या सांगण्यावरून लिहिले गेले याची चिकित्सा, लसीकरणाचे तक्ते, वयोवृद्ध कंपाउंडर, परिचारिका व सुइणी यांच्या मुलाखती, आणि डॉक्टरांच्या घरी पडून असलेल्या हिशेबवह्या यांची परस्परांशी ताडणी करून व्यवसायाचे चित्र उभे करता येईल. विचारावयाचे प्रश्नही बदलले पाहिजेत. ‘डॉक्टर कसे होते?’ असे विचारले तर उत्तरात हातगुण येईल. त्याऐवजी सुया किती वेळ उकळत, अडलेले बाळंतपण कोणत्या टप्प्यावर जळगावच्या सरकारी रुग्णालयात पाठवीत, सोबत चिठ्ठी देत की नाही, दगावलेल्या रोग्याच्या घरी डॉक्टर पुन्हा जात की नाही, असे प्रश्न विचारावेत. मुलाखती व वह्या वापरताना रोग्यांची नावे गुप्त ठेवणे हे संशोधकाचेही कर्तव्य आहे, हे वेगळे सांगावयास नको.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, आपल्या समाजाने वैद्याची परीक्षा दोन वेळा घेतली : तो व्यवसायात शिरताना आणि त्याच्या हातून अनर्थ घडल्यानंतर. मधल्या तीस-चाळीस वर्षांची परीक्षा त्याने लोकवार्तेवर सोडून दिली. त्यामुळे पालशेतच्या डॉक्टरसारख्या सुजाण व्यावसायिकाला न्याय मिळाला नाही, आणि निष्काळजी व्यावसायिकाला आडोसा मिळाला. रोग्याच्या हाती त्याच्या उपचाराची लेखी नोंद असणे ही त्याच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. आणि तोच कागद उद्याच्या इतिहासकाराचा पुरावा आहे. या एका बाबतीत रोगी आणि संशोधक यांचे हित एकच आहे.